उत्तर कुणाकडून यायचं होतं?

चार-पाच वर्षं जुना कुठलाही ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा, प्रकल्प घ्या आणि त्याच्या उघड्या पुल रिक्वेस्ट (‘हा बदल घ्या’ म्हणून लोकांनी पाठवलेले प्रस्ताव, थोडक्यात पीआर) तारखेप्रमाणे उलट्या लावा, सगळ्यात जुनी सगळ्यात वर. पहिल्या पानावरचं चित्र साधारण सगळीकडे सारखंच असतं. कुणीतरी एक नेमकी दुरुस्ती पाठवलेली असते. खाली मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, ‘छान! फक्त एक टेस्ट जोडाल का?’ (टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड.) त्याखाली ‘हो, या शनिवार-रविवारी करतो.’ पुढे काही नाही. बऱ्याच महिन्यांनी एक तिसराच माणूस उगवतो, ‘याचं पुढे काय झालं?’ त्याला पाच-सात अंगठे. मग बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, ‘स्टेल’ (शिळा) असं लेबल लावून सांगतो की इथे बरेच दिवस हालचाल नाही, तेव्हा आठवडाभरात बंद करतोय. तिसरा माणूस घाईघाईने लिहितो, ‘अजून हवंय!’ बॉट लेबल काढून घेतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मूळ कोड सात ओळींचा, त्याच्याभोवतीची चर्चा पन्नास ओळींची, आणि त्या सात ओळी आता मुख्य ब्रँचवर, म्हणजे कोडच्या चालू प्रतीवर, लागतही नाहीत, कारण मधल्या काळात ती फाइलच दोन तुकड्यांत विभागली गेलेली असते.

मी फावल्या वेळात एका मध्यम आकाराच्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचाची) देखभाल करते, त्यामुळे हे पान माझ्या रोजच्या पाहण्यातलं. अशा रखडलेल्या पीआरचं करायचं काय, यावर मेंटेनर मंडळींमध्ये दोन तट असतात. एकाचं म्हणणं, यादी स्वच्छ ठेवा, महिनोन्महिने न हललेलं बंद करा. दुसऱ्याचं म्हणणं, कुणी फुकट काम करून दिलंय, ते तोंडावर कसं बंद करायचं? मला हा वाद थोडा बाजूचा वाटतो. उघडं ठेवायचं की बंद करायचं हे ठरवण्याआधी त्या पानावर एकच गोष्ट बघायची असते: शेवटचं वाक्य कुणाचं आहे, आणि उत्तर कुणाकडून यायचं होतं?

माणसं गप्प का होतात याची कारणं काही गूढ नसतात. नोकरी बदलली. ज्या कामासाठी दुरुस्ती हवी होती ते काम संपलं, किंवा त्यांनी आपल्या फोर्कमध्ये (प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतीत) ती लावून घेतली आणि प्रश्न मिटला. परीक्षा आली, मूल झालं. काहींच्या मनाला रिव्ह्यू (कोडची तपासणी) लागला. ‘हे नाव बदला, ती रिकामी ओळ काढा’ अशा चौदा सूचना एका दमात आल्या की नव्या माणसाचा उत्साह मावळतोच. हल्ली एक नवा प्रकारही दिसतो: कोड यंत्राकडून लिहून घेऊन पाठवलेला असतो, पहिल्या प्रश्नालाच पाठवणारा गायब, कारण आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. अशा पीआरबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही.

पण जुन्या यादीतला एक मोठा हिस्सा असा असतो जिथे पाठवणाऱ्याने सगळं केलेलं असतं. सुचवलेले बदल केले, टेस्ट जोडल्या, ‘आता बघाल का?’ असं विचारलं, पंधरा दिवसांनी परत विचारलं. तिथे गप्प बसलेलो असतो ते आपण. आणि बॉटच्या लेखी हे दोन्ही पीआर अगदी सारखे.

बॉटची गोम हीच आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचं ‘अ‍ॅक्शन्स/स्टेल’ हे तयार साधन काहीच न बदलता वापरलं तर ६० दिवस हालचाल नसली की लेबल लागतं आणि आणखी ७ दिवसांनी पीआर बंद होतो. कुबरनेटीस या प्रकल्पात मुदत जास्त आहे: ९० दिवसांनी ‘स्टेल’, पुढच्या ३० दिवसांनी ‘रॉटन’ म्हणजे चक्क कुजलेला, आणि त्यापुढच्या ३० दिवसांनी बंद. मुदत कितीही असो, मोजलं जातं ते शेवटच्या हालचालीपासूनचं अंतर. पाळी कुणाची होती हे त्या हिशोबात कुठेच येत नाही. ज्याने तीनदा आठवण केली त्यालाही तोच मजकूर जातो आणि जो पहिल्या प्रश्नानंतर पळाला त्यालाही तोच. याआधी गिटहबवर बऱ्याच प्रकल्पांत जो स्टेल बॉट चाले, त्याचं मूळ लेबल तर ‘वोन्टफिक्स’ होतं. म्हणजे आम्ही बघितलंच नाही, याची नोंद ‘आम्ही हे करणार नाही’ अशी व्हायची. कुणी जाणूनबुजून केलं असेल असं नाही, सेटिंग बदलायचं राहून जातं. पण वाचणाऱ्याला ते कसं कळावं?

बॉट वापरूच नये असं मी म्हणत नाही. हजारो पीआर येणाऱ्या प्रकल्पात माणसाने रोज यादी चाळणं अशक्य आहे. माझी अट एवढीच, की बॉटचं घड्याळ फक्त पाठवणाऱ्याची पाळी असताना चालू असावं. आपली पाळी असेल तेव्हा ते थांबलेलं असावं, किंवा त्याने टोचावं तर आपल्याला टोचावं. हे करणं अवघड नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात प्रत्येक पीआरवर स्थितीचं लेबल असतं: ‘वेटिंग ऑन रिव्ह्यू’ किंवा ‘वेटिंग ऑन ऑथर’. लेखकाकडे बरेच दिवस अडलेले पीआर माणसं चाळतात, विचारपूस करतात, उत्तर आलं नाही तर ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असं लेबल लावून बंद करतात. पायथन भाषेच्या सीपायथन प्रकल्पातही ‘अवेटिंग रिव्ह्यू’ आणि ‘अवेटिंग चेंजेस’ अशी वाटणी आहे. लेबलं बदलत राहण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण यादीकडे नुसती नजर टाकली तरी आपण कुणाचे किती देणेकरी आहोत ते दिसतं. कदाचित म्हणूनच बरेच प्रकल्प ती लावत नसावेत.

या बाबतीत मला सगळ्यात शहाणी वाटते ती पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाची पद्धत. त्यांच्याकडे पीआर नाहीतच. पॅच (बदलांच्या फायली) मेलवर जातात आणि ‘कमिटफेस्ट’ नावाच्या वहीत नोंदवले जातात. वर्षात जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे पाच कमिटफेस्ट. त्या महिन्यात नवं लिहिण्याऐवजी आलेलं तपासायचं. एक व्यक्ती त्या फेरीची व्यवस्थापक असते, ती मागे लागते, आठवण करते, नोंदी हलवते. फेरी संपताना प्रत्येक नोंदीचं काहीतरी व्हावं लागतं: कमिट झाली (म्हणजे कोडमध्ये नोंदली गेली), पुढच्या फेरीत ढकलली, नाकारली, पाठवणाऱ्याने मागे घेतली, किंवा ‘रिटर्न्ड विथ फीडबॅक’. हा शेवटचा शेरा मला फार आवडतो. नकार निराळा नोंदवला जातो आणि ‘सध्या थांबतोय, या या सूचना आहेत, तयारी झाली की परत या’ हे निराळं. आपल्याकडे, म्हणजे गिटहबवर वाढलेल्या प्रकल्पांत, दोन्हीसाठी एकच लाल ‘क्लोज्ड’. पाठवणाऱ्याने त्याचा अर्थ काय लावायचा तो त्याचा तो लावतो, आणि बहुतेक वेळा वाईटच लावतो.

शिवाय पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एक अपेक्षा अशी, की जो पॅच देईल त्याने साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक पॅच तपासावा. सगळे पाळतात असं नाही. पण रखडण्याचं मूळ कारण त्यांनी बरोबर पकडलंय: लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाचं स्वतःचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. २००५ पासून त्याची देखभाल करणारे जुनिओ हमानो नियमितपणे एक लांबलचक यादी मेलवर टाकतात. प्रत्येक चालू कामापुढे एका ओळीत स्थिती: हे पुढच्या आवृत्तीत जाईल, याला रिव्ह्यू हवाय, याची नवी आवृत्ती येण्याची वाट बघतोय, हे अडलंय, हे टाकून देणार. इतक्या मोठ्या प्रकल्पाचा मेंटेनर अशी यादी लिहीत बसतो याचं मला आधी आश्चर्य वाटायचं. आता वाटतं, ती लिहिताना त्यांना प्रत्येक कामाबद्दल निदान एक वाक्य ठरवावंच लागतं. ‘बघू’ असं तिथे लिहिता येत नाही.

हे ‘बघू’ धोक्याचंही ठरतं. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल, पण तिच्यातला रखडलेल्या पॅचचा भाग फारसा बोलला जात नाही. २०२२ मध्ये त्या प्रकल्पाच्या मेलवर काही अनोळखी नावं येऊन तक्रार करू लागली की पॅच पडून राहतात, कामाला गती नाही, नवा मेंटेनर घ्या. देखभाल करणारा एकटा होता आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे असं त्याने सांगितलंही. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाची एक व्यक्ती मदतीला हजर होती: पॅच पाठवत होती, तत्पर, नम्र. पुढे तिच्या हाती अधिकार गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून गुपचूप शिरण्यासाठीचं मागचं दार बसवलं गेलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो खोलात गेला आणि २९ मार्च २०२४ ला हे उघड झालं. तक्रार करणारी ती नावं त्याच कटाचा भाग असावीत असा दाट संशय आहे.

‘जुने पॅच पडून आहेत’ ही तक्रार मेंटेनरला सगळ्यात जास्त बोचते, कारण बहुधा ती खरी असते. म्हणूनच तिचा हत्यार म्हणून उपयोग करणं सोपं. ‘हे काम मी करणार नाही, या कारणाने, या तारखेला बंद करतेय’ असं ज्याने लिहून टाकलंय त्याच्यावर तोच दबाव आणणं बरंच कठीण जातं. यादी लहान ठेवण्यामागे नीटनेटकेपणाची हौस हे माझ्यासाठी दुय्यम कारण आहे. उघड्या दोनशे पीआरची टोचणी घेऊन कुणी शहाणे निर्णय घेऊ शकत नाही, हे खरं कारण.

आता वाट किती बघायची? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, नियम पाठवणाऱ्याला सांगतात की आठवण करण्याआधी किमान आठवडाभर थांबा, घाईगर्दीच्या काळात त्याहून जास्त. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये तुम्ही एखादं तिकीट (नोंदवलेलं काम) स्वतःकडे घेतलं, पुढे काही कळवलं नाही आणि विचारणा झाल्यावरही उत्तर दिलं नाही, तर तुमचा हक्क काढून घेतला जाऊ शकतो. डेबियन या लिनक्स वितरणात दुर्लक्षित पॅकेज दुसऱ्याने सांभाळायला घेण्याची रीत ठरलेली आहे: तसा इरादा जाहीर करायचा आणि आधीच्या देखभालकर्त्याला हरकत घ्यायला २१ दिवस द्यायचे. आकडे वेगवेगळे, पण आधी सांगायचं, मुदत द्यायची आणि मगच हात घालायचा, हा क्रम सगळीकडे तोच. मी स्वतः पीआरवर नावानिशी एकदा विचारते आणि तीन आठवडे थांबते. दुसऱ्यांदा विचारत नाही. दोनदा विचारलं की ती वसुली वाटायला लागते.

मग हात घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका पीआरवरून सांगते.

तारीख-वेळेचा मजकूर वाचणाऱ्या आमच्या फंक्शनमध्ये एक खोट होती. न्यूफाउंडलंडची प्रमाणवेळ ‘-०३:३०’, म्हणजे साडेतीन तास मागे. आमचा कोड तास आणि मिनिटं सुटी करून दोन्हींचे आकडे करायचा: उणे तीन आणि अधिक तीस. बेरीज उणे अडीच. एकाने ही चूक शोधून दुरुस्ती पाठवली होती: तास ऋण असतील तर मिनिटंही ऋण करा. दुसऱ्या एका मेंटेनरने टेस्ट मागितली आणि गाडी तिथेच अडली, ती अडलीच.

विचारणा झाली, तीन आठवडे गेले, उत्तर नाही. गिटहबवर पीआरचा कोड मूळ रेपोतही (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातही) एका वेगळ्या संदर्भाखाली राहतो, ‘पुल’, मग क्रमांक, मग ‘हेड’. त्यामुळे पाठवणाऱ्याने स्वतःचा फोर्क पुसून टाकला तरी तो फेच करता येतो, म्हणजे उतरवून घेता येतो. फेच केला, मुख्य ब्रँचवर रिबेस केला (तिच्या ताज्या रूपावर नव्याने बसवला), कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, सोडवला. फंक्शन नव्या फाइलमध्ये गेलं होतं, बाकी बदल जसाच्या तसा. मग टेस्ट लिहायला बसले. आधी दुरुस्ती काढून टेस्ट चालवली. नापास झाली, म्हणजे ती खरंच तेच तपासतेय. दुरुस्ती लावली, पास. आणि उगाच एक आडवी केस टाकून बघितली, ‘-००:४४’. ती नापास. कारण ‘-००’ चा आकडा केला की शून्य होतो आणि शून्याला उणे चिन्ह राहत नाही, म्हणून मिनिटं परत अधिक. अशी वेळ असते तरी कुठे? होती: लायबेरियाचं घड्याळ १९७२ च्या जानेवारीपर्यंत ग्रिनिचच्या ४४ मिनिटं ३० सेकंद मागे चालत असे. चिन्ह आकड्यावरून ओळखण्याऐवजी मूळ अक्षरावरून वाचायचं, एवढा बदल केला आणि दोन्ही केसेस पास झाल्या.

यात टेस्ट लिहायला लागलेला वेळ ‘टेस्ट जोडाल का?’ लिहून उत्तराची वाट बघण्यापेक्षा कितीतरी कमी होता. म्हणून माझं मत असं झालंय, की पीआर नव्वद टक्के झालेला असेल तर उरलेले दहा टक्के मेंटेनरनेच करून टाकावेत. ‘मेंटेनरना बदल करू द्या’ ही खूण गिटहबवर २०१६ पासून आहे आणि पीआर उघडताना ती आपोआप केलेली असते. संस्थेच्या खात्यातल्या फोर्कवर तेवढी ती चालत नाही. बाकी ठिकाणी सरळ त्यांच्याच ब्रँचवर जाऊन रिकामी ओळ आपण काढू शकतो. ‘पण त्यांना शिकायला मिळायला हवं’ असं काही जण म्हणतात. ज्याला शिकायचं असतं तो आपण केलेला कमिटही वाचतो.

नावाच्या बाबतीत मात्र फार जपावं लागतं. गिटमध्ये प्रत्येक कमिटला लेखक वेगळा आणि कमिट करणारा वेगळा असतो, आणि रिबेस केलं, चेरी-पिक केलं (एकच कमिट उचलून आणला) किंवा मेलवरचा पॅच लावला तरी लेखकाचं नाव टिकतं. म्हणून त्यांचा कमिट त्यांच्या नावावर, माझी टेस्ट आणि लायबेरियाची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये माझ्या नावावर. इथे एक खड्डा आहे. नवा पीआर आपण उघडून ‘स्क्वॉश’ करून, म्हणजे सगळे कमिट एकात दाबून, मर्ज केला (मुख्य कोडमध्ये मिसळला) तर एकत्र झालेला कमिट पीआर उघडणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या, नावावर जातो आणि मूळ माणूस ‘को-ऑथर्ड-बाय’ ओळीत सहलेखक म्हणून खाली सरकतो. काम त्याचं, नाव आपलं. त्यामुळे अशा वेळी स्क्वॉश टाळायचं. दोघांचं काम खरोखरच एकमेकांत मिसळलं असेल तरच ती सहलेखकाची ओळ. गिटहब २०१८ पासून ती ओळखतं आणि दोघांचे चेहरे दाखवतं.

परवानगीचा प्रश्न लोकांना अडतो. दुसऱ्याचा कोड असा घेता येतो का? प्रकल्पाच्या परवान्याखालीच तो पाठवलेला असेल तर येतो. लिनक्सने २००४ मध्ये आणलेल्या डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनमध्ये (कोड देण्याचा हक्क असल्याच्या हमीपत्रात) ही शक्यता धरलेलीच आहे: योग्य मुक्त परवान्याखालच्या आधीच्या कामावर आधारलेलं काम मी पुढे देतोय, असंही त्यात प्रमाणित करता येतं. मात्र तिथे मूळ माणसाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ पुसायची नाही. तिच्याखाली आपली जोडायची. प्रकल्पाला वेगळा करारनामा लागत असेल आणि मूळ माणसाने तो केलेला नसेल, तर मात्र तो कोड घेता येत नाही. तेव्हा मूळ समस्या समजून घेऊन कुणीतरी पहिल्यापासून लिहिणं बरं.

हे सगळं छोट्या दुरुस्त्यांचं झालं. दोन हजार ओळींचं नवं वैशिष्ट्य पाठवून कुणी गायब झालं असेल तर मी ते पूर्ण करायला घेत नाही, कितीही अंगठे असले तरी. ज्याने लिहिलं तो रिव्ह्यूपर्यंत टिकला नाही, तो पुढच्या तीन वर्षांच्या बग रिपोर्टना उत्तर द्यायला येणार नाही. ते काम माझ्याकडेच येणार. ते मला नको असेल तर तसं स्पष्ट लिहून बंद करते. अंगठे देणाऱ्यांपैकी एखादा पुढे आला तर त्याला जुना पीआर दाखवते. साय-किट-लर्न या पायथन लायब्ररीत ‘स्टॉल्ड’ आणि ‘हेल्प वॉन्टेड’ ही लेबलं याचसाठी आहेत: हे अडलंय, कुणी पुढे न्यायला तयार असेल तर इथून उचला. नव्या माणसाला ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवशिक्यांसाठी निवडलेलं काम) यापेक्षा असा अर्धा झालेला पीआर देणं मला जास्त बरं वाटतं. समस्या ठरलेली असते, चर्चा होऊन गेलेली असते, काय आवडलं नाही तेही लिहिलेलं असतं.

बंद करताना मी जे लिहिते ते असं: ‘नमस्कार. हा बदल प्रकल्पाला हवा आहे, पण कॉन्फ्लिक्ट आणि टेस्ट एवढ्यावर काम थांबलंय. बरेच दिवस तुमच्याकडून काही कळलं नाही म्हणून आत्ता बंद करतेय. तुम्हाला पुढे न्यायचं असेल तर इथेच लिहा. दुसऱ्या कुणाला घ्यायचं असेल तर तुमचा कमिट तुमच्या नावासकट घ्यावा.’ आणि उत्तर आमच्याकडून यायचं राहिलं असेल तर पहिलं वाक्य वेगळं असतं: ‘तुम्ही सगळं केलंत, रिव्ह्यू करायला आमच्याकडे माणूस नव्हता.’ तशा पीआरना मी सहसा बंद करत नाही. त्या आठवड्यात नवीन काही न बघता तेच बघते. फार तर असं होतं की तपासल्यावर तो बदल आता लागतच नाही. मग तेही लिहिते.

आणि पीआर बंद केला तरी त्यामागचा इश्यू, म्हणजे मूळ तक्रारीची नोंद, बंद करत नाही. चूक अजून तिथेच असते. पुढच्या माणसाला शोधताना ती सापडायला हवी. पाठवणारा परत आला तर त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: बंद पीआरच्या ब्रँचवर त्याने रिबेस करून फोर्स-पुश केलं (जुन्या इतिहासावर नवा चढवला), तर गिटहब तो पीआर पुन्हा उघडू देत नाही, बटणच निकामी होतं. आधी उघडून घ्यायचा, मग पुश. ते राहूनच गेलं तर सरळ नवा पीआर, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत जुन्याचा क्रमांक.